सहावी नोंद

मी अलार्मची चाचणी घ्यायला गेलो, तेव्हा दार उघडल्या उघडल्या आजींनी मला विचारले, "आज बंब येणार नाही ना?" मागच्या वर्षी त्यांच्या नातवाने सहज म्हणून एका स्मोक अलार्मचे बटण दाबून धरले होते. घरातील सहाही अलार्म पॅनेलला, म्हणजे त्यांचे सिग्नल घेऊन सायरन वाजवणाऱ्या पेटीला, आणि पॅनेल बाहेरच्या देखरेख केंद्राला जोडलेले असल्यामुळे तो सिग्नल केंद्रात आगीची वर्दी म्हणून पोहोचला, सायरनच्या गोंगाटात खातरजमेचा फोन कुणाला ऐकू आला नाही आणि थोड्याच वेळात अग्निशमन दलाची गाडी दारात उभी राहिली. त्या दिवसापासून, महिन्यातून एकदा दाबायच्या त्या बटणाला घरात कुणी बोट लावले नव्हते.

मी त्यांच्यासमोरच केंद्राला फोन केला, खाते क्रमांक आणि परवलीचा शब्द सांगितला आणि 1 तासासाठी खाते चाचणीवर टाकायला सांगितले. या तासात येणारे सिग्नल केंद्रात नोंदले जातात, मात्र त्यावर कुणी बंब पाठवत नाही. म्हणूनच, या वेळात खरोखर आग लागली तर स्वतः अग्निशमन दलाला फोन करावा लागेल, हेही मी आजींना समजावले. पॅनेलवर चाचणीची वेगळी सोय असते, पण अनेक पॅनेलांत ती सुरू केली की सिग्नल घराबाहेर जातच नाही. मग अलार्म वाजतो हे कळते, वर्दी पोहोचते की नाही हे कळत नाही.

बटण दाबल्याने भोंगा, बॅटरी आणि आतील सर्किट तपासले जाते. धूर आत शिरतो की नाही हे पाहायला मी चाचणीचा स्प्रे वापरतो. कागद पेटवून धूर करणारे लोक मला अजून भेटतात. त्याची काजळी आतल्या कक्षात बसते आणि पुढे विनाकारण बोंब सुरू होते.

पहिले चार अलार्म नीट पार पडले. प्रत्येकानंतर पॅनेल पूर्ववत करायचे, सायरन थांबू द्यायचा आणि मगच शिडी पुढे न्यायची, ही माझी रीत. पण जाळ्या आणि धूळ काढण्यात बराच वेळ गेला होता, तास संपत आला होता. पाचव्याचा सायरन खाली वाजत असतानाच मी आजींच्या खोलीतल्या सहाव्यावर स्प्रे मारला. तीन आवाज, विराम, पुन्हा तीन आवाज. वाजला, असे मानून मी खाली उतरलो.

केंद्रातील मुलीने नोंदी वाचून दाखवल्या. पाचच होत्या.

मी मुदत आणखी अर्धा तास वाढवून घेतली, पॅनेल पूर्ववत केले आणि सहावा पुन्हा एकट्याने वाजवला. छतावर कानठळ्या बसतील असा आवाज होत होता आणि खाली पॅनेल गप्प होते. मघाशी मी ऐकलेला सायरन पाचव्याचा होता. घाई केली नसती, तर हे मला तेव्हाच कळले असते. शिवाय पॅनेलच्या पडद्यावर सहावा अलार्म व्यवस्थित हजर दिसत होता, याचा मला काही केल्या उलगडा होईना.

अलार्म उतरवून पाहिला, तर तो दिसायला बाकीच्यांसारखाच, पण सुटा, बॅटरीवर चालणारा, कशालाही न जोडलेला होता. आजींना मग आठवले की खोलीला रंग दिला तेव्हा छतावरचे "ते पांढरे" काढून ठेवले होते आणि नंतर ते सापडेना म्हणून नवे आणून बसवले. शोधाशोध केल्यावर कपाटाच्या खालच्या खणात, रंगाचे शिंतोडे उडालेल्या प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवलेला मूळ अलार्म निघाला. तो बैठकीसकट काढला गेल्यामुळे, बैठकीपासून सुटल्यावर जाणारी छेडछाडीची सूचना गेली नव्हती आणि त्याची बॅटरी शाबूत असल्यामुळे तो ठरावीक वेळाने आपली खुशाली रेडिओवरून पॅनेलला इमानेइतबारे कळवत होता. खोलीत आग लागली असती, तर सुट्या अलार्मने आजींना कदाचित उठवले असते. केंद्राला मात्र काहीच कळले नसते.

मूळ अलार्मच्या मागच्या बाजूची निर्मितीची तारीख 6 वर्षांपूर्वीची होती, म्हणजे 10 वर्षांची मुदत संपायला अवकाश होता. मी तो साफ करून पुन्हा छताला लावला, सायरन पूर्ण थांबलेला असताना स्प्रे मारला आणि या वेळी पॅनेल खालून ओरडले. केंद्रात सहावी नोंद आली. मी खाते चाचणीतून काढायला सांगितले, तसे केल्याचे तिच्याकडून वदवून घेतले आणि वेळ वहीत लिहिली.

"म्हणजे आता बंब येणार नाही," आजी म्हणाल्या.

"आता येईल, आजी," मी म्हणालो, आणि पुढच्या महिन्यात बटण दाबण्याआधी फिरवायचा नंबर ठळक अक्षरांत लिहून पॅनेलशेजारी चिकटवला.