लाइट गेली, पण बटण चालूच

आमच्या जळगावात दुपारी लाइट जाणं ही काही बातमी नाही. आज मागच्या पडवीत सागाची पट्टी कापत होतो, कटर मध्येच थांबला. म्हटलं, तेवढ्यात पातं बदलून घेऊ. बटण चालूच! पाना लावला आणि दारातून काका ओरडले, "तुले मरनं शे का रे? पिन काढ आधी!"

पिन काढली. पाचच मिनिटांत लाइट आली. मी नुसता बघत बसलो.

काका जुने वायरमन. स्विच बंद करून त्यांनी सॉकेटमध्ये टेस्टर घातला, तरी पेटला. आमच्या जुन्या वायरिंगमध्ये स्विच न्यूट्रलवर, म्हणजे परतीच्या तारेवर आहे; फेज, म्हणजे जिवंत तार, सरळ मशीनपर्यंत. म्हणजे इतकी वर्षं मी बटणाच्या भरवशावर २३० व्होल्टशी खेळत होतो.

शेतातल्या मोटरच्या स्टार्टरमध्ये नो-व्होल्ट कॉइल असते, लाइट गेली की स्टार्टर सुटतो, मग लाइट आली तरी मोटर आपोआप चालू होत नाही. (केळीवाले वर ऑटो स्विच बसवतात, लाइट आली की मोटर आपोआप चालू, ती गोष्ट वेगळी.) माझ्या कटरला तसलं काही नाही. आणि ग्राइंडर उघडताना पिन काढली तरी कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) चार्ज असू शकतो, हेही आजच कळलं.

आता पिन काढून समोर टेबलावर, नजरेसमोर. वायरिंगला उद्या माणूस येतोय. पट्टी अजून अर्धीच कापलेली आहे.