तेरड्याचा रंग तीन दिवस, परवानगीचे सेहेचाळीस

किल्ल्याच्या पडक्या तटावर पावसाळ्याच्या उत्तरार्धात जे काही उगवते, त्याचे ट्रायपॉड लावून, सावकाश, मनासारखे छायाचित्र काढावे, एवढीच माझी इच्छा होती. त्यासाठी लागणारा एक कागद मिळवायला मला २०२४ साली २९ जुलैपासून १३ सप्टेंबरपर्यंत, म्हणजे सेहेचाळीस दिवस थांबावे लागले. किल्ल्याचे आणि कार्यालयाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण यंदाही मला तिथेच जायचे आहे.

किल्ला सातारा जिल्ह्यातला, फारसा गाजलेला नाही. पायथ्याचे गाव माझे आजोळ, त्यामुळे तट लहानपणापासून ओळखीचा. बेसॉल्टचे काळे चिरे, मधल्या सांध्यांत चुना, आणि जिथे जिथे चुना निघून गेला आहे तिथे साठलेली बोटभर माती. या मातीत पावसाळ्यात तेरडा आणि सोनकी रुजतात. तेरड्याची पिकलेली बोंडे हात लागताच तडकून बिया उडवतात, पण त्या फार लांब जात नाहीत. सोनकीच्या बीला मात्र बारीक तंतू असतात आणि ते वाऱ्याबरोबर कुठेही चढते. त्यामुळेच की काय, त्या तटाच्या खालच्या थरांत गुलाबी आणि वरच्या थरांत पिवळा असा दोन रंगांचा पट्टा उमटतो. मला तोच पट्टा एका चौकटीत हवा होता.

ट्रायपॉडचा हट्ट कशासाठी, असे कार्यालयातही विचारले गेले, म्हणून इथेच सांगते. ढगाळ सकाळी ओला काळा दगड आहे तो प्रकाशही गिळून टाकतो. पुढचे फूल आणि मागचा चिरा दोन्ही स्पष्ट हवे असतील तर भिंगाचे छिद्र एफ ११ पर्यंत लहान करावे लागते. ओल्या दगडावरची चकाकी घालवण्यासाठी भिंगावर पोलरायझर हा फिल्टर लावला की आणखी दीड-दोन स्टॉप प्रकाश जातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा), आणि शटरचा वेळ पाव सेकंदापर्यंत येऊन पोहोचतो. पाव सेकंद हात स्थिर ठेवणारी माणसे असतीलही. मी त्यांतली नाही.

आदल्या वर्षी दरवाजावरच्या पहारेकऱ्याने "कॅमेरा न्या ताई, स्टँड नाही चालायचा," असे सांगून ट्रायपॉड खाली ठेवून घेतला होता. नियम त्याच्याच बाजूने होता. संरक्षित किल्ल्यांवर हातातल्या कॅमेऱ्याने छायाचित्रे काढायला सहसा कोणी अडवत नाही, पण ट्रायपॉड किंवा वेगळे दिवे लावायचे असतील तर आधी लेखी परवानगी घ्यावी लागते. म्हणून २९ जुलैला मी शहरातल्या कार्यालयात गेले. ओळखपत्राची प्रत, दोन फोटो, वास्तूला इजा करणार नाही असे हमीपत्र, हे सगळे एका सकाळी आटोपले.

अडले ते अर्जातल्या सातव्या आणि नवव्या रकान्यांवर. सातवा रकाना होता "चित्रीकरणाचा दिनांक व वेळ". तो रिकामा सोडून मी अर्ज पुढे केला, तेव्हा टेबलावरच्या साहेबांनी तो तसाच परत सरकवला.

"तारीख टाका, मॅडम. रकाना रिकामा चालत नाही."

"पण फुले कधी येतील ते पावसावर आहे."

"मग पावसाला विचारून अंदाजे टाका."

हे ते चिडून बोलले नव्हते. त्यांच्या दृष्टीने हा मार्गच होता. मी २०, २१ आणि २२ ऑगस्ट असे लिहिले आणि तिथेच चुकले. ज्यांना असा अर्ज करायचा आहे त्यांनी नेमकी तारीख कधीही लिहू नये. "अमुक ते अमुक या काळातील कोणतेही तीन दिवस" असे लिहिता येते, हे मला फार उशिरा कळले, आणि तेही त्याच साहेबांकडून.

नववा रकाना होता "संहितेची प्रत जोडावी". अर्ज मुळात चित्रपटवाल्यांसाठी तयार केलेला, त्यामुळे त्यात कलाकारांची संख्या, घोडे-वाहने वगैरेही विचारले होते. मी संहितेसमोर "लागू नाही" असे लिहिले. अकरा दिवसांनी, ९ ऑगस्टला, घरी पत्र आले : अनुक्रमांक ९ ची पूर्तता केल्याशिवाय प्रकरण पुढे सादर करता येणार नाही. हे अकरा दिवस माझा कागद कुठे होता, ते विचारायची हिंमत झाली नाही. मी त्या रात्री बसून संहिता लिहिली. "दृश्य पहिले : तटाची भिंत, सकाळ. पात्रे : तेरडा, सोनकी, शेवाळ, नेचे. संवाद : नाहीत. दृश्य दुसरे : तीच भिंत, थोडी जवळून." आणखी चार दृश्ये होती आणि शेवटी धुके उतरत होते. दुसऱ्या दिवशी साहेबांनी ती दोन्ही पाने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, चेहऱ्यावरची रेघही न हलवता स्टेपल केली आणि आवक शिक्का मारला. आयुष्यात लिहिलेल्या कोणत्याही मजकुराचा मला इतका अभिमान वाटलेला नाही.

त्यानंतर शांतता पसरली. फोन केला की कधी फाइल सहीला गेलेली असे, कधी सही करणारे अधिकारी दौऱ्यावर असत, कधी फोनच कोणी उचलत नसे. आवक क्रमांक पाठ करून ठेवावा. नावाने विचारले तर कोणालाच काही सापडत नाही, क्रमांक सांगितला की निदान फाइल कोणत्या टेबलावर आहे ते तरी कळते. २० ऑगस्ट आला आणि गेला. गडाच्या वाटेवर ताक विकणाऱ्या मावशींना मी माझा नंबर देऊन ठेवला होता. त्यांचा फोन आला : "ताई, तेरडा लागला बरं का फुलायला. तुमचा कागद आला का?" पुन्हा आठवड्याने : "सोनकी पण धरलीया. कधी येताय?" त्यांच्या प्रत्येक फोननंतर मी कार्यालयाला फोन करत असे आणि दोन्हीकडून मला एकच गोष्ट समजत असे, की माझ्यावाचून सगळे व्यवस्थित चालले आहे. ही सोनकी होती म्हणून बरे. सात वर्षांनी फुलणाऱ्या कारवीसाठी अर्ज केला असता तर काय झाले असते याचा विचारही मी टाळत होते.

वाट पाहण्याच्या दिवसांत मी गावातल्या शेतांच्या दगडी तालींवर हात बसवून घेतला. चुना-मातीशिवाय नुसते दगडावर दगड रचलेले हे बांध, त्यांच्या फटींतून नेचे आणि आभाळीची रोपे डोकावतात. तिथली परवानगी शेतमालकाकडून "काढा की, त्यात काय विचारायचं" एवढ्या शब्दांत, चहासकट मिळाली. दगडाचा काळेपणा मोजताना कॅमेरा फसतो आणि चित्र उगाच उजळ काढतो, म्हणून दोन-तृतीयांश ते एक स्टॉप कमी करावे लागते. धुके असेल तर नेमके उलट. हे मी त्या तालींवर शिकले.

६ सप्टेंबरला, म्हणजे गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी, पत्र हातात पडले. परवानगी मंजूर. दिनांक २०, २१ व २२ ऑगस्ट. मी ते दोनदा वाचले आणि थेट कार्यालय गाठले. साहेबांनी मूळ अर्ज काढून दाखवला. तारखा माझ्याच हस्ताक्षरातल्या होत्या. आता पुन्हा अर्ज, पुन्हा संहिता का, असे विचारताना माझा आवाज चढला होता, हे कबूल करायला हवे. ते काही न बोलता उठले, एक कोरा कागद आणला आणि "दिनांकात बदल करणेबाबत" असा विषय स्वतःच्या हाताने लिहून दिला. सेहेचाळीस दिवसांत माझ्यासाठी झालेले हे एकमेव तत्पर काम. तरीही मध्ये गणपती-गौरींचे दिवस आले आणि सुधारित पत्र मिळायला १३ सप्टेंबर उजाडला. नव्या तारखा १४ ते १६.

मावशींचा शेवटचा फोन दरम्यान येऊन गेला होता. "खालचा तेरडा पोरींनी गौरीला नेला हो. वरचा हाय अजून." आमच्याकडे गौर तेरड्याचीच असते, माझी आईही लहानपणी त्याच तटावरून तेरडा काढत असे, त्यामुळे रागवायला जागा नव्हती. माझ्या दुरंगी पट्ट्याचा खालचा काठ मात्र गेला होता.

१४ तारखेला दिवसभर पाऊस कोसळत राहिला. पहारेकऱ्याने पत्र उघड्यावरच पूर्ण वाचले आणि तोवर शाई ओघळून सहीचा निळा डाग झाला. परवानगीचे पत्र इंकजेटवर छापलेले असले तर त्याची झेरॉक्स करून तीच वर न्यावी. ती पाण्याने पुसत नाही. १५ तारखेला दरवाजा उघडेपर्यंत पहाटेचा चांगला प्रकाश निघून गेला होता. वेळेआधी प्रवेश हवा असेल तर तेही अर्जातच मागावे लागते. पण आठच्या सुमारास धुके तटाला टेकले, वारा पडला आणि जवळजवळ चाळीस मिनिटे काहीच हलले नाही. वरच्या थरावरची सोनकी, तिच्याखाली उघडा काळा दगड, आणि एका सांध्यात पोरींच्या हाताला न लागलेले तेरड्याचे एकच रोप. अकरा छायाचित्रे निघाली, त्यांतली दोन ठेवण्याजोगी आहेत. आदल्या रात्री कॅमेरा एसीच्या खोलीत ठेवला नव्हता, म्हणून बाहेरच्या दमट हवेत भिंगावर वाफ धरली नाही. १६ तारखेला वाऱ्याने एकही पाकळी जागेवर राहू दिली नाही.

यंदाचा अर्ज मी ५ मे रोजी दिला आहे. सातव्या रकान्यात "१५ ऑगस्ट ते ३० सप्टेंबर या काळातील कोणतेही तीन दिवस, पहाटे सहापासून" असे लिहिले आहे. टेबलावर आता दुसरे साहेब आहेत आणि त्यांनीही पहिल्यांदा नववा रकानाच पाहिला. संहिता मी मागच्या वर्षीचीच जोडली आहे, फक्त पात्रांमधला तेरडा दुसऱ्या क्रमांकावर नेला आहे.