सरकीची जागा आणि गाडीची बॅटरी

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मी आणि सरकी वर्ध्याहून देवळीमार्गे यवतमाळकडे निघालो. सरकी ही माझी राखाडी-पांढरी मांजर. हिंगणघाटच्या एका जिनिंगच्या आवारात ती सापडली, म्हणून तिचे हे नाव. आमचे घर म्हणजे एक जुनी मिनीबस. आदल्या दिवशी सेवाग्रामला बापूकुटीतल्या मातीच्या भिंतींचा गारवा अनुभवला होता, त्यामुळे पत्र्याच्या या घरात राहणे किती चुकीचे आहे हे मला त्या सकाळी जरा जास्तच जाणवत होते.

वर्धा नदी ओलांडून कळंबला पोहोचलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता. गाडी कडुनिंबाखाली उभी केली, खिडक्या बोटभर उघड्या ठेवल्या, पंखा सुरू ठेवला आणि चिंतामणीच्या दर्शनासाठी पायऱ्या उतरून खाली गेले. चाळीस मिनिटांनी परत आले तर पंखा बंद पडलेला होता आणि सरकी तोंड उघडून धापा टाकत होती. कुत्रा उन्हात धापा टाकतो ते नेहमीचे असते. मांजर धापा टाकू लागली तर ती संकटात आहे असे समजावे. मी तिला गाडीबाहेर सावलीत घेतले, साध्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने तिचे पंजे, कान आणि पोट पुसले आणि तशीच पशुवैद्यकीय दवाखाना गाठला. तासाभरात ती सावरली. त्या तासाभरात मी स्वतःला जे बोलले, ते इथे लिहिण्यासारखे नाही.

यवतमाळला ट्रॅक्टरचे वायरिंग आणि मोटारींचे रिवाइंडिंग करणारे एक भाऊ भेटले. त्यांनी मीटर लावला, बॅटरीची तार हलवून पाहिली आणि निकाल दिला, “ताई, बॅटरीत जीव नाही राह्यला. अन् हा लग पाहा, नुसता हातानं फिरून राह्यला.” लग म्हणजे तारेच्या टोकाला दाबून बसवलेली धातूची कडी. माझी बॅटरी १२ व्होल्टची, १५० अँपिअर-अवरची ट्यूब्युलर, म्हणजे शिसे-आम्लाची, होती. कागदावर ती १८०० वॅट-तास वीज साठवते, परंतु अशी बॅटरी निम्म्याहून अधिक उतरवली की तिचे आयुष्य झपाट्याने घटते, म्हणजे वापरायला हाती ९०० उरतात. शिवाय ती महिनोन्‌महिने पूर्ण भरलीच नव्हती, त्यामुळे तिच्या पट्ट्यांवर सल्फेट साचून त्यातलेही निम्मे गेले असावेत.

मी एसीचा विषय काढला तेव्हा भाऊ हसले. “एसी काहून लावता? उन्हायात इकडं कूलरच कामाचा. वाळ्याची ताटी अन् पाणी, बास.” हिशेब मांडला तेव्हा त्यांचे म्हणणे तंतोतंत पटले. छोटा एसीसुद्धा तासाला हजार वॅट-तासांच्या आसपास वीज घेतो. याउलट १२ व्होल्टचा २४ वॅटचा पंखा सोळा तास चालला तरी ३८४ आणि ताटीवर पाणी सोडणारा १० वॅटचा पंप आठ तास चालला तर ८०. या उकाड्यात निम्मा वेळ चालू राहणाऱ्या ४५ वॅटच्या फ्रिजचे ५४० आणि दिवे, फोन व लॅपटॉप यांचे १९० धरून सारा दिवस १२०० च्या आत बसत होता. विदर्भातली हवा कोरडी असल्यामुळे बाष्पीभवनाचा गारवा इथे खरोखर लागतो. मात्र समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर गाडीत नुसता दमटपणा कोंडतो.

खरी अडचण सावलीची होती. सरकीसाठी गाडी झाडाखाली हवी आणि सौर पॅनलला ऊन हवे, या दोन गोष्टी एका छतावर जुळत नाहीत. अखेरीस २०० वॅटचे एक पॅनल छतावर दोन इंच उंच बसवले, म्हणजे त्याची पत्र्यालाही सावली मिळते, आणि तेवढेच दुसरे सुटे ठेवले, जे दहा मीटर वायरच्या टोकाला उन्हात मांडता येते. ऊन कडक म्हणून वीज जास्त, हा समजही इथे खोटा ठरतो, कारण २५ अंशांच्या वर दर अंशाला पॅनलची क्षमता सुमारे ०.३५ टक्क्यांनी घटते, आणि दुपारी पॅनल ६५ अंशांपर्यंत तापले की चौदा टक्के तिथेच जातात.

नागपूरहून तीन दिवसांनी सामान आले: २०० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, पॅनलची वीज बॅटरीत नीट भरणारा एमपीपीटी चार्ज कंट्रोलर आणि गाडी चालताना इंजिनाकडची वीज बेताने बॅटरीत सोडणारा ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर. हा शेवटचा चार्जर अनेक जण खर्च वाचवण्यासाठी वगळतात. पण लिथियम बॅटरी थेट अल्टरनेटरला, म्हणजे इंजिनावर फिरणाऱ्या जनित्राला, जोडली तर ती मिळेल तेवढा प्रवाह ओढते आणि अल्टरनेटर जळू शकतो. नवी बॅटरी जुनीच्या निम्म्याहून हलकी आणि साठा २५६० वॅट-तास. इन्व्हर्टरसाठी ३५ चौरस मिलिमीटरची केबल घातली, बॅटरीलगत फ्यूज बसवला आणि भाऊंनी सगळे लग हायड्रॉलिक प्रेसने दाबून दिले.

बॅटरी कुठे ठेवायची यावरून मात्र आमचे एकमत होईना. भाऊ मागच्या डिकीचे म्हणत होते. पण फार तापलेली लिथियम बॅटरी चार्जिंग घेणे बंद करते, आणि डिकी म्हणजे दुपारी नुसता तवा. मी दोन थर्मामीटर ठेवले: एक डिकीत, दुसरा चालकाच्या सीटमागच्या पेटीत, जिथे सरकी पहिल्या दिवसापासून झोपत आली होती. दुपारी तीन वाजता पेटीत सहा अंश कमी निघाले. भाऊंनी सरकीकडे पाहिले, मान हलवली आणि पेटीतच पट्टे ठोकले.

दारव्हा, कारंजा आणि वाशीम करत आम्ही लोणारला पोहोचलो तेव्हा बॅटरीत ६४ टक्के उरले होते. ताटीला दिवसाला पंधरा-वीस लिटर पाणी लागते, म्हणून आता मुक्काम ठरवताना आधी हापशी शोधते. तारा नळीतून घेतल्यामुळे त्या कुरतडायला सरकीला वाव राहिलेला नाही. तिने बेदखल झाल्याचा निषेध दोन दिवस केला आणि तिसऱ्या दिवशी पेटीच्या झाकणावर मुक्काम हलवला. पंपाशी मात्र तिचे जमलेले नाही. तो घरघरू लागला की ती शेपूट फुगवून ताटीसमोर उभी राहते, आणि गार वारा अंगावर आला की तिथेच पाय पसरून झोपते.