नायट्रेटचा कोरा रकाना

वाळवा तालुक्यातील आमच्या गावात नळाला येणारे पाणी उसाच्या फडांना लागून असलेल्या सार्वजनिक विहिरीचे आहे. गेल्या वर्षी मुलगी बाळंतपणाला आली आणि बाळाला वरचे दूध सुरू करावे लागले, तेव्हा पावडर कालवण्याच्या पाण्यातील नायट्रेट तपासून घ्या, असे डॉक्टरांनी बजावले. उसाला घातलेल्या युरियाचा काही अंश झिरपून नायट्रेटच्या रूपाने भूजलात उतरतो. तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता त्याने घटते आणि बाळ निळे पडू शकते.

सांगलीच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत नमुना विनासायास जमा झाला. दहा दिवसांनी मिळालेल्या अहवालावर "पिण्यास योग्य" असा शिक्का होता, नायट्रेटचा रकाना मात्र कोरा होता. खिडकीवरचे गृहस्थ म्हणाले, "काका, योग्य लिहिलंय ना? मग अजून काय पाहिजे?" दुसऱ्या खेपेला साहेब दौऱ्यावर होते, तिसऱ्या खेपेला जेवणाची सुट्टी साडेतीनपर्यंत चालली. चौथ्या खेपेला उलगडा झाला, की आमच्या बाटलीची केवळ जैविक तपासणी झाली होती आणि शिक्क्याचा अर्थ पाण्यात जंतू आढळले नाहीत, एवढाच होता. अर्जात मी नुसते "पाणी तपासणी" लिहिले होते, ही माझी चूक. परंतु शिक्क्यात "जैविकदृष्ट्या" हा एक शब्द असता, तर सांगलीच्या तीन खेपा वाचल्या असत्या, याची चीड अजून गेलेली नाही.

नव्या अर्जात "रासायनिक तपासणी, नायट्रेटसह" असे ठळक लिहिले. त्यासाठीचा कॅन त्याच पाण्याने दोन-तीनदा खंगाळून भरायचा असतो. जैविक तपासणीची निर्जंतुक बाटली मात्र खंगाळायची नसते.

आकडा आला लिटरला ६२ मिलिग्रॅम. भारतीय मानकाची मर्यादा ४५ आहे. महिनाभर आम्ही तेच पाणी वीस-वीस मिनिटे उकळत होतो, आणि उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते. जंतू मारायची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर किंवा साधा कँडल फिल्टरही त्यापुढे निरुपयोगी आहे. आरओ शुद्धीकरण यंत्राने नायट्रेट बरेच कमी होते, म्हणून बाळापुरते ते पाणी सुरू केले.

सांगायचे राहिले, नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवावा, कारण पाण्यातील जिवाणूंमुळे नायट्रेटचा आकडा बदलतो. आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.