सान सिरोचा धूर आणि चोरीला गेलेलं बॅनर

इंटरचा मातेरात्सी आणि मिलानचा रुई कोस्ता या दोन खेळाडूंचा तो फोटो फुटबॉल बघणाऱ्या जवळपास सगळ्यांनी पाहिलेला असतो. 12 एप्रिल 2005, मिलान शहरातलं सान सिरो स्टेडियम, तिथल्याच मिलान आणि इंटर या दोन क्लबांमधली चॅम्पियन्स लीगची क्वार्टर फायनल, मिलान पुढे, इंटरच्या कांबियास्सोचा गोल रेफरीने नाकारला आणि इंटरवाल्यांच्या स्टँडमधून पेटते फ्लेअर्स मैदानात यायला लागले, त्यातला एक थेट मिलानचा गोलकीपर दिदाच्या खांद्यावर. मॅच थांबली. आणि मातेरात्सी रुई कोस्ताच्या खांद्यावर कोपर टेकवून समोरच्या लाल धुराकडे बघत उभा.

कितीतरी वर्षं मी त्या दोघांकडेच बघायचो. मग हळूहळू लक्ष धुराकडे जायला लागलं. हे लोक कोण, कोणाच्या सांगण्यावरून एका सुरात गातात, एवढं सगळं आणतात कुठून? तेव्हापासून इटलीतल्या अल्ट्रासबद्दल, म्हणजे क्लबसाठी जीव टाकणाऱ्या या कट्टर सपोर्टर गटांबद्दल, मिळेल ते वाचत आलोय आणि प्रत्येक वेळी एकाच गोष्टीपाशी अडकतो, ती म्हणजे त्यांचं बॅनर.

सुरुवातीपासून सांगतो. संघटित सपोर्टर तिथे आधीही होते, तोरिनो क्लबचे फेदेलिस्सिमी 1951 पासूनचे. पण अल्ट्रास ही वेगळी चीज. 1968 साली मिलानची फोसा देइ लेओनी, म्हणजे सिंहांची गुहा, 1969 मध्ये इंटरचे बॉईज आणि त्याच वर्षी जेनोवा शहरात सांपदोरिया क्लबचे 'अल्ट्रास तितो कुक्यारोनी', नावात अल्ट्रास शब्द पहिल्यांदा यांनीच लावला असं मानलं जातं. आता 68-69 ची इटली डोळ्यांसमोर आणा, कॉलेजं बंद, कारखान्यांत संप, रोज मोर्चे. मोर्चातली पोरंच रविवारी स्टेडियममध्ये यायची, येताना ढोल, भोंगा, घोषणा आणि मोठाले फलक सोबत घेऊन यायची. नावंसुद्धा त्या लढाऊ राजकारणातलीच, ब्रिगाते, कमांडो, फेदायन. गोलच्या मागची सगळ्यात स्वस्त जागा, जिला कुर्वा म्हणतात, ती यांची झाली. तिथे एक म्होरक्या, कापो, मैदानाकडे पाठ करून उभा राहतो आणि नव्वद मिनिटं लोकांना गायला लावतो. म्हणजे मॅच तो जवळजवळ बघतच नाही! मला हे अजूनही भारी वाटतं.

आणि या सगळ्याच्या पुढे कठड्यावर बांधलेलं ग्रुपचं बॅनर. मॅचला आधी ते लागतं, मग बाकीचं. बाहेरगावच्या मॅचला पन्नासच जण गेले तरी ते सोबत गेलंच पाहिजे, आणि ते लागलं नाही तर ग्रुप आलाच नाही असं धरतात. दुसऱ्यांनी ते पळवलं तर ते आपल्या कुर्वामध्ये उलटं टांगून दाखवतात, आणि मग अलिखित नियम असा की ज्यांचं गेलं त्यांनी ग्रुप बंद करायचा. बाहेरच्या माणसाला हे वेडेपणाचं वाटेल, मलाही वाटलं होतं. पण फोसा देइ लेओनीचं काय झालं ते वाचल्यावर मत बदललं. 2005 च्या हिवाळ्याच्या तोंडावर त्यांचं आणि युव्हेंतुस क्लबच्या व्हायकिंग ग्रुपचं बॅनरवरून वाजलं, फोसाचं बॅनर गेलं, मग परत मिळालं, आणि ते परत मिळवायला पोलिसांची मदत घेतली असा आरोप झाला. पोलिसांशी बोलणं हा त्यांच्यात न पुसला जाणारा डाग. 37 वर्षांचा ग्रुप, इटलीतला सगळ्यात जुन्यांपैकी एक, त्या नोव्हेंबरात विसर्जित. सान सिरोच्या त्या फोटोनंतर सात महिन्यांत.

रोममध्ये 9 जानेवारी 1977 ला रोमा क्लबचे बरेच छोटे गट एकत्र येऊन कमांडो अल्ट्रा कुर्वा सुद झाले. 1983 च्या डर्बीत, म्हणजे शहरातल्याच लात्सिओ क्लबविरुद्धच्या मॅचला, त्यांनी अख्ख्या कुर्वावर दोनच शब्द उघडले, 'ती आमो', माझं तुझ्यावर प्रेम आहे. बस्स. आज मोठमोठी थ्रीडी चित्रं उभी करतात, पण त्या दोन शब्दांपुढे मला तरी ती फिकी वाटतात.

पण त्याच कुर्वामधून, चारच वर्षं आधी, 28 ऑक्टोबर 1979 ला, अशाच डर्बीत, मॅच सुरू व्हायच्या आधी एक बोटीवर वापरायचा फ्लेअर सुटला, पूर्ण मैदान ओलांडून समोरच्या टोकाला बायकोबरोबर बसलेल्या विन्चेन्झो पापारेल्ली नावाच्या लात्सिओ सपोर्टरला लागला आणि तो गेला. 33 वर्षांचा होता. आणि नंतर वर्षानुवर्षं रोमच्या भिंतींवर त्याच्या मरणाची टिंगल करणारं काय काय लिहिलं गेलं. 'ती आमो' लिहिणारी जागा आणि ही जागा एकच आहे हे विसरून या विषयावर लिहिता येत नाही मला.

1995 मध्ये जेनोवात स्पान्योलो हा जेनोआ क्लबचा सपोर्टर मिलानच्या मॅचआधी चाकूने मारला गेला, तेव्हा देशभरातले गट जेनोवात जमले आणि म्हणाले की आता चाकू बास. थोडे दिवस टिकलं, मग नाही.

सरकारने काय केलं? 1989 च्या कायद्याने स्टेडियमबंदी आणली, तिला डास्पो म्हणतात. मग 2 फेब्रुवारी 2007 ला कातानिया-पालेर्मो या सिसिलीतल्या दोन क्लबांच्या डर्बीच्या दंगलीत फिलिप्पो राचिती हा पोलीस इन्स्पेक्टर मारला गेला आणि सगळं कडक झालं, ढोल बंद, भोंगे बंद, बॅनर आणायचं तर त्यावर काय लिहिलंय ते आधी पोलिसांना कळवून परवानगी घ्यायची. त्याच वर्षी नोव्हेंबरात आरेत्सोजवळ हायवेवरच्या एका थांब्यावर गाब्रिएले सांद्री हा लात्सिओ सपोर्टर पोलिसाच्या गोळीने गेला, पुढे त्या पोलिसाला शिक्षाही झाली. मग 2010 मध्ये सपोर्टर कार्ड, ते नसेल तर पाहुण्यांच्या स्टँडचं तिकीट नाही. बऱ्याच जुन्या लोकांनी ते घेतलंच नाही आणि प्रवास सोडला. ढोल परत आले ते 2017 मध्ये.

माझा खरा राग इथे आहे. दहा वर्षं सगळी ताकद कापड आणि ढोल तपासण्यात गेली, आणि पैसा मात्र आरामात आत आला. तिकिटांचा काळाबाजार, पार्किंग, जर्सी, बिअर. कापडासाठी जीव टाकणारे मोडले आणि धंदा करणारे टिकले. 29 ऑक्टोबर 2022 ला इंटरच्या अल्ट्रासचा जुना म्होरक्या बोयोक्कीचा खून झाला, संध्याकाळी मॅच चालू असताना बातमी आली तर त्याच्या लोकांनी अख्खा स्टँड रिकामा करायला लावला, पोरंबाळं घेऊन आलेल्या, लांबून पैसे खर्चून आलेल्या लोकांनासुद्धा दमदाटी करून बाहेर काढलं. सप्टेंबर 2024 मध्ये मिलान आणि इंटर दोन्हीकडचे म्होरके एकाच कारवाईत पकडले गेले.

आणि तरी. फेब्रुवारी 2023 मध्ये रोमाच्या फेदायनचं, 1972 पासूनच्या ग्रुपचं बॅनर रोममध्ये मॅचनंतर रस्त्यात हिसकावून घेतलं गेलं. काही दिवसांनी ते बेलग्रेडमध्ये तिथल्या रेड स्टार क्लबच्या स्टँडमध्ये दिसलं, उलटं टांगलेलं, मग पेटवलेलं. मी तो व्हिडिओ एकदाच बघितला, परत लावायची इच्छा झाली नाही. खांद्यावर कोपर टेकवून उभे राहिलेले ते दोघं आठवत होते आणि कापड जळायला किती कमी वेळ लागतो तेवढंच डोक्यात राहिलं.