दूध कुणाचं?

नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाला जोडून आमची दुग्धपेढी, म्हणजे आयांनी दिलेल्या दुधाची बँक आहे. तिथे मी परिचारिका आहे. हे काम म्हणजे दिवसभर बाळांना दूध पाजणं, असा बाहेरच्यांचा समज असतो. प्रत्यक्षात माझा बराचसा दिवस तापमान, तारखा आणि बॅच नंबर यांतच जातो. दूध देणाऱ्या आईचे एचआयव्ही, हिपॅटायटिस, सिफिलिसचे रिपोर्ट बघायचे, तीन-चार जणींचं दूध एकत्र करायचं, ६२.५ अंशांना ३० मिनिटं धरायचं, झटकन थंड करायचं, नमुना कल्चरला, म्हणजे जंतू उरलेत का ते तपासायला पाठवायचा आणि बाटल्या उणे २० अंशांत ठेवायच्या. जास्त तापलं तर दुधातली उपयोगाची प्रथिनं हकनाक जातात, कमी तापलं तर जंतू उरतात. या कामाचा मला अभिमान आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला पावडरचं दूध दिलं तर ‘नेक’चा धोका वाढतो. नेक म्हणजे आतडं सडत जाण्याचा आजार. एकदा जडला की बाळ डोळ्यांदेखत हातचं जातं. स्वतःच्या आईचं दूध नसेल तेव्हा दुसऱ्या आईचं मिळालं तर हा धोका बराच कमी होतो.

एक बाळ गरोदरपणाच्या २८ आठवड्यांतच जन्मलेलं होतं, वजन ९४० ग्रॅम. आई झटके येऊन व्हेंटिलेटरवर होती, तिचं दूध इतक्यात मिळणं शक्य नव्हतं. डॉक्टरांनी डोनर मिल्क लिहून दिलं आणि मी संमतिपत्र घेऊन बाहेर गेले. बाळाचे वडील लगेच सही करायला निघाले. शेजारी बसलेल्या आजींनी त्यांचा हात धरला.

“सिस्टर, दूध कुणाचं?”

मी नेहमीचं सांगितलं. तपासलेलं आहे, निर्जंतुक केलेलं आहे, काळजी करू नका. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“ते ठीक. पण बाई कोण? तिला मुलं किती? मुली आहेत का?”

तेवढ्यात निवासी डॉक्टर आले, अर्धवट ऐकलं आणि केसपेपरवर ‘नातेवाइकांचा नकार, धार्मिक कारण’ असं लिहून आत गेले. हे मला आजही खटकतं. आजींनी नकार दिलाच नव्हता. त्यांनी प्रश्न विचारला होता, आणि त्याचं उत्तर आमच्याकडे नव्हतं. उत्तर देता येईना की नकार लिहून मोकळं व्हायचं, ही आमच्याकडची जुनी खोड आहे.

कुटुंब मुस्लिम होतं. लग्न कुणाशी करता येत नाही याची यादी कुराणाच्या चौथ्या सूरेत, म्हणजे अध्यायात आहे. तिच्यात जन्मदात्या आईबरोबर दूध पाजणारी आई आहे आणि त्या दुधामुळे झालेली बहीणही आहे. पहिल्या दोन वर्षांत बाळाने जिचं दूध घेतलं ती त्याची आई होते, तिची मुलं त्याची भावंडं होतात. किती दुधाने नातं जुळतं यावर मतभेद आहेत. सुन्नींच्या चार विचारपरंपरांपैकी हनफी आणि मालिकी मतानुसार थोडंसंही पुरतं, शाफई आणि हंबली पाच वेळा म्हणतात, शिया परंपरेत बाळाने थेट छातीला लागून प्यायला हवं. या नात्यात लग्न होत नाही, आणि म्हणूनच पडद्याची गरजही उरत नाही. वारसाहक्क मात्र मिळत नाही. इतकं बारकाईने आखलेलं नातं आमच्या फॉर्मवर कुठल्याच रकान्यात बसत नाही.

दुग्धपेढ्यांवरून यामुळे बराच वाद झालेला आहे. १९८५ मध्ये जेद्दाहच्या इस्लामी फिक्ह (धर्मकायदा) अकादमीने त्यांना मनाई करणारा ठराव केला. २००४ मध्ये युरोपीय फतवा परिषदेने गरजेपोटी मुभा दिली. मी आजींना हा दुसरा निर्णय सांगून पाहिला. त्या म्हणाल्या, “त्यांनी मुभा दिली असेल, सिस्टर. पण पुढे लग्न माझ्या नातवाला करायचंय. समोरची मुलगी त्याची बहीण निघाली तर मी कुणाला विचारू?”

त्या क्षणी माझ्या लक्षात आलं, की नाव गुप्त ठेवणं ही आमच्या लेखी दोन्ही कुटुंबांची सुरक्षितता आहे, आणि या बाईंच्या लेखी नेमका तोच धोका आहे. नातं जुळण्याला त्यांची हरकत नव्हती. नातं जुळावं आणि कुणालाच ठाऊक नसावं, हे त्यांना नको होतं.

फ्रीजरमधलं तयार दूध सगळं एकत्र केलेलं होतं. कच्च्या दुधाच्या कप्प्यात मात्र एका आईच्या बाटल्या अजून वेगळ्या होत्या. तिचं बाळ शेजारच्या खोलीत वजन वाढायची वाट बघत होतं. आमच्या वरिष्ठ बालरोगतज्ज्ञांना मी सगळं सांगितलं. ते ऐकणारे आहेत. त्यांनी वरून परवानगी आणली आणि ओळख सांगायला चालेल का, हे मी त्या आईला विचारलं. ती दुसऱ्या धर्माची. थोडा विचार करून म्हणाली, “म्हणजे मला पुढे काही करावं लागेल का?”

दोघींना समोरासमोर बसवलं, तेव्हा तोच प्रश्न तिने आजींना विचारला. “काही करायचं नाही, बेटी,” आजी म्हणाल्या, “फक्त विसरायचं नाही.” मग त्यांनी तिचं नाव, नवऱ्याचं नाव आणि मुलांची नावं जावयाकडून वहीत लिहून घेतली. मोठ्या मुलीचा फोटो मागितला. फोन डोळ्यांपासून लांब धरून बराच वेळ पाहिला आणि जावयाला म्हणाल्या, “ही याची बहीण. नीट बघून ठेव.”

त्या एकीच्याच दुधाची बॅच मी त्याच दुपारी लावली. कल्चरचा रिपोर्ट यायला ४८ तास लागतात, तोवर बाळ सलाइनमधून मिळणाऱ्या पोषणावर होतं. रिपोर्ट स्वच्छ आला. पहिलं दूध एक मिलीलीटर. इतक्या लहान बाळाला दूध ढकलायचं नसतं. सिरिंजचा दट्ट्या काढून टाकायचा, नळीला जोडलेली सिरिंज हाताने वर धरायची आणि दूध आपल्या वजनाने उतरू द्यायचं. ते थेंबाथेंबाने खाली जाईपर्यंत मी आजींना काचेतून बघू दिलं.

त्यानंतर मी रक्ताशिवाय जुळणाऱ्या नात्यांवर मिळेल ते वाचत गेले. दक्षिण सुदानच्या नुएर समाजात एक स्त्री रीतसर दुसऱ्या स्त्रीशी लग्न लावू शकते आणि त्या बायकोच्या मुलांचा ‘बाप’ ठरते. लॅटिन अमेरिकेत बाप्तिस्म्याच्या वेळी उभा राहणारा माणूस बाळाचा धर्मपिता तर होतोच, शिवाय बाळाच्या आईबापांशीही त्याचं कायमचं नातं जुळतं. कॉकेशसच्या डोंगराळ भागात सरदार घराण्यांतली मुलं दुसऱ्या घरी वाढायला पाठवत, आणि त्यातून दोन घराणी बांधली जात. संभाजीराजांची दूधआई धाराऊ तर आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. एवढं सगळं माणसांनी उभं केलं असताना इस्पितळाच्या कागदावर नात्याचा पुरावा म्हणून फक्त रक्त आणि सही चालते.

माझं अडतं ते दोन ठिकाणी. त्या देणाऱ्या आईच्या मुलीला एक भाऊ मिळाला, तिला कुणी विचारलं नाही. ती शाळेत जाते, तिला कळण्याइतकं वय आहे. दुसरं म्हणजे एकत्र केलेलं दूध घेऊन घरी गेलेली बाकीची बाळं. त्यांच्या घरच्यांनी विचारलं नाही, म्हणून आम्हीही सांगितलं नाही. त्यांतल्या किती जणांना हे कळायला हवं होतं?

आता संमतिपत्र नेलं की मी आधीच सांगते, हे दूध अनेक जणींचं आहे आणि त्यांची नावं तुम्हाला कळणार नाहीत. एकीचंच दूध हवं असेल तर प्रयत्न करू, पण वेळ लागेल. ही ओळ फॉर्मवर छापून यावी म्हणून मी अर्ज दिला आहे. समितीतल्या काहींना भीती वाटते की नाव उघड होण्याच्या शंकेने देणाऱ्या आयाच कमी होतील. ती भीती खोटी नाही, बाटल्या कमी पडल्या की काय होतं ते मीच रोज बघते. दुसरी मागणी बॅचच्या रजिस्टरची. ठरावीक वर्षांनी ते नष्ट करतात, ही मुलं लग्नाच्या वयाची होण्याच्या कितीतरी आधी. जागा नाही, असं मला सांगण्यात आलं. निदान स्कॅन करून ठेवू द्या, असं मी लिहून दिलं आहे आणि दर बैठकीला तो कागद पुन्हा वर काढते.