गुहेला दार लावा, पण वारा अडवू नका

आत वटवाघळांसारखे दुर्मीळ जीव आहेत म्हणून गुहा बंद करायची, हे बरोबरच आहे. पण माणसाबरोबर वाराही अडला, तर ज्यांच्यासाठी सगळा खटाटोप केला तेच मरतात. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या वायनडॉट गुहेच्या तोंडाशी १९५०च्या दशकात दगडी भिंत घातली. हिवाळ्यातली गार हवा आत जाईना, गुहा उबदार झाली. शीतनिद्रेतल्या इंडियाना वटवाघळांची साठवलेली चरबी लवकर जळू लागली आणि त्यांची संख्या कोसळली. १९७७ मध्ये भिंत पाडल्यावर कुठे ती पुन्हा वाढू लागली.

म्हणून दार आडव्या गजांचंच हवं. १०० मिमीचे, साधारण १० मिमी जाडीचे लोखंडी अँगल (L आकाराच्या पट्ट्या) घ्या आणि छपराच्या आढ्यासारखी धार वर करून बसवा, म्हणजे हवा कमी अडते. दोन अँगलमधली मोकळी जागा १४६ मिमी. जास्त ठेवली तर पोरं सरपटत आत जातात, कमी ठेवली तर वटवाघळं बिचकतात. उभे खांब जितके कमी तितकं बरं. दोन खांबांत किमान ६० सेंमी अंतर सोडा.

लोखंड कमी लागतं म्हणून अगदी अरुंद जागी दार बसवतात, आणि तिथेच फसतात. हवेची वाट आणखी आवळली जाते. शिवाय वटवाघळं दारापाशी वेग कमी करतात, आणि साप, मांजर नेमके तिथे टपून बसतात. तळाशी काँक्रीटचा उंबरा नको: पावसाच्या पाण्याबरोबर आत जाणारा पालापाचोळा हेच आतल्या आंधळ्या किड्यांचं अन्न. जस्ताचा मुलामाही नको, ठिबकणाऱ्या पाण्यातून जस्त त्यांच्यापर्यंत पोचतं.

वेल्डिंग वटवाघळं गुहेत नसतील त्याच मोसमात करायचं. पिल्लांची मोठी वसाहत असेल तर पूर्ण दाराचा हट्ट धरू नका, ती जागाच सोडून जातात. वरचा भाग मोकळा ठेवलेलं अर्धं दार किंवा तोंडापासून दूर कुंपण घाला. सूचनाफलक दाराच्या आत लावा. बाहेर दिसला की तो गुहेचा पत्ताच सांगतो.

वटवाघळांच्या मोजणीला जाणाऱ्यांनीही कपडे-दोर ५५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात २० मिनिटं बुडवून ठेवावेत, नाहीतर वटवाघळांना मारणाऱ्या पांढऱ्या नाकाच्या रोगाची बुरशी एका गुहेतून दुसऱ्या गुहेत जाते.

दार बसवल्यावर पहिले काही दिवस संध्याकाळी लांबून, दिवा न लावता बघत बसा. वटवाघळं गजांपाशी येऊन पुन्हा पुन्हा मागे वळत असतील, तर थांबू नका, दोन-तीन गज लगेच काढा.